स्ट्रट बार : गाडीला आधार की बोनेटखालचा दागिना?

मोटारीचे बोनेट उघडल्यावर इंजिनाच्या वर आडवी बसवलेली लाल, निळी किंवा चकचकीत अॅल्युमिनियमची एक दांडी हौशी मोटारमालकांच्या गाड्यांत हमखास पाहायला मिळते. बाजारात तिला 'स्ट्रट बार' म्हणतात. तिचे पूर्ण नाव 'स्ट्रट टॉवर ब्रेस'. काही हजार रुपये, सहा नट आणि अर्धा तास एवढ्या भांडवलावर गाडी वळणांवर रस्त्याला चिकटून चालू लागते, असा विक्रेत्यांचा दावा असतो. जपानची कुस्को, मलेशियाची अल्ट्रा रेसिंग अशा कंपन्यांच्या दांड्या आपल्याकडील शौकिनांमध्ये परिचित आहेत. शिवाय स्थानिक फॅब्रिकेटरकडून पाइप वाकवून आणि दोन पट्ट्या वेल्डिंग करून घेतलेली स्वस्त आवृत्तीही मिळते.

दागिना म्हणून कोणी ती बसवत असेल तर वाद घालण्याचे कारण नाही. हौसेला मोल नसते. मात्र घाटात गाडी तरंगल्यासारखी वाटते, स्टिअरिंग सैल लागते, खड्ड्यातून गेल्यावर पुढून खडखड येते, अशा तक्रारी घेऊन आलेल्या मालकालाही कधी कधी हीच दांडी सुचवली जाते. तेथे हा विषय हौसेचा न राहता सुरक्षेचा होतो. झिजलेला बुश आणि गुळगुळीत झालेला टायर जागच्या जागीच राहतो आणि मालक मात्र इलाज झाल्याच्या समजुतीने निर्धास्तपणे आंबोलीचा किंवा वरंध्याचा घाट उतरू लागतो. म्हणून ही दांडी नेमके काय करते आणि काय करू शकत नाही, हे पाहणे आवश्यक ठरते.

त्यासाठी आधी 'स्ट्रट' म्हणजे काय ते समजून घ्यायला हवे. आज रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक छोट्या आणि मध्यम मोटारींच्या पुढच्या चाकांना 'मॅकफर्सन स्ट्रट' पद्धतीचे सस्पेन्शन असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने जनरल मोटर्समध्ये असताना, दुसऱ्या महायुद्धानंतर आखण्यात आलेल्या एका छोट्या मोटारीसाठी ही रचना विकसित केली. ती मोटार बाजारात आलीच नाही. मॅकफर्सन पुढे फोर्ड कंपनीत गेले आणि १९५० साली ब्रिटनमध्ये सादर झालेल्या फोर्ड कॉन्सल व झेफायर या मोटारींतून त्यांच्या रचनेने बाळसे धरले. स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील शॉकअप, यांचा मिळून एकच उभा खांब. खाली तो चाकाच्या नकलला बोल्टने घट्ट बसवलेला आणि वर थेट गाडीच्या पत्र्याला टेकलेला. चाक धरून ठेवण्यासाठी खाली एक आर्म पुरतो, वरच्या आर्मची गरज उरत नाही. जागा वाचते, सुटे भाग कमी होतात, साहजिकच खर्चही कमी होतो.

आपल्या जुन्या अॅम्बॅसेडरची आणि प्रीमियर पद्मिनीची पुढची रचना वेगळी होती. १९८३च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० बरोबर स्ट्रट मोठ्या संख्येने भारतीय रस्त्यांवर उतरले आणि पुढे सँट्रो, इंडिका, स्विफ्ट अशा मोटारींतून तो जवळपास नियमच होऊन गेला.

वरचा आर्म नसल्यामुळे जे बळ त्याने पेलायचे, ते आता स्ट्रटच्या वरच्या टोकाला आणि पर्यायाने गाडीच्या पत्र्याला पेलावे लागते. बोनेट उघडल्यावर दोन्ही मडगार्डांच्या आतल्या बाजूला नट असलेले दोन गोल उंचवटे दिसतात, तेच 'स्ट्रट टॉवर'. काही नव्या मोटारींत ते वायपरखालच्या प्लास्टिकच्या झाकणाआड दडलेले असतात. आता गाडीच्या सांगाड्याचा विचार करा. प्रवासी बसतात तो भाग छप्पर, फरशी आणि खांब यांनी चहूबाजूंनी बंद केलेला खोका आहे. पुढचा भाग मात्र इंजिन काढता-घालता यावे म्हणून वरून उघडा ठेवावा लागतो. बोनेट हे नुसते झाकण. मजबुतीत त्याचा वाटा नगण्य. बुटांचा पुठ्ठ्याचा खोका झाकण काढून दोन्ही हातांनी पिळून पाहावा आणि मग झाकण चिकटपट्टीने पक्के बसवून पुन्हा पिळावा. उघड्या खोक्याचा दुबळेपणा लगेच हाताला कळतो. टॉवर ते टॉवर दांडी बसवण्यामागची कल्पना हीच आहे. उघड्या तोंडाला एक आडवा आधार.

कल्पना चुकीची नाही. प्रश्न आहे तो टॉवरवर कोणते बळ कोणत्या दिशेने येते याचा.

गाडी उभी असतानाही टॉवरवर भार असतोच. स्ट्रट सरळ उभा नसतो, त्याचे वरचे टोक आत झुकलेले असते. शिवाय टायर जमिनीला जेथे टेकतो ती जागा स्ट्रटच्या थोडी बाहेर असते. परिणामी गाडीचे वजन दोन्ही टॉवरना वर आणि आत रेटत राहते. चाक खड्ड्यात आदळले की हा रेटा क्षणभर कितीतरी वाढतो. दोन्ही टॉवर एकमेकांकडे झुकू पाहतात, तेव्हा मधली दांडी त्यांना थोपवू शकते. दांडीचे सर्वांत प्रामाणिक काम हेच आहे, आणि गंमत म्हणजे जाहिरातीत त्याचा उल्लेख फारसा नसतो. जाहिरात असते वळणांची.

वळणावरचे गणित निराळे आहे. गाडी डावीकडे वळते तेव्हा रस्ता चारही टायरना डावीकडे ढकलत असतो. चाकाचा तळ डावीकडे रेटला गेला की खालच्या बॉल जॉइंटभोवती तरफेसारखी क्रिया होऊन स्ट्रटचे वरचे टोक उजवीकडे जाऊ पाहते. हे दोन्ही चाकांच्या बाबतीत घडते. म्हणजे दोन्ही टॉवर एकाच दिशेला, वळणाच्या बाहेरच्या बाजूला, रेटले जातात. गर्दीत दोन माणसे एकाच बाजूला ढकलली जात असताना त्यांनी एकमेकांचे हात घट्ट धरले, तर त्यांच्यातील अंतर कायम राहील. पण ढकलले जाणे थांबणार नाही. बाहेरच्या चाकावर भार अधिक असतो, त्यामुळे त्याच्या टॉवरवरचा रेटाही अधिक असतो. त्यातला जादा हिस्सा आतल्या टॉवरकडे वाटून देणे, एवढेच सरळ दांडीला शक्य असते.

कोणताही सुतार ही गोष्ट चटकन ओळखेल. चार पट्ट्यांची चौकट कोपऱ्यात एकेक खिळा ठोकून तयार केली तर ती हाताने दाबताच कलते. चौथी पट्टी आहे म्हणून ती उभी राहत नाही. तिरपी पट्टी मारली, कैची केली, की मग ती हलत नाही. टॉवर ते टॉवर गेलेली सरळ दांडी ही चौथी पट्टी आहे. दोन्ही टॉवरना इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीशी, म्हणजे फायरवॉलशी, तिरपे बांधणारा तीन टोकांचा ब्रेस ही कैची आहे. बाजारात बहुतेक गाड्यांसाठी मिळते ती पहिली वस्तू. उपयोग अधिक आहे तो दुसरीचा.

अमेरिकन मोटारींच्या इतिहासात याचे एक बोलके उदाहरण आहे. फोर्डची मस्टँग १९६४ साली बाजारात आली. तिचे सस्पेन्शन मॅकफर्सन पद्धतीचे नव्हते. पण स्प्रिंग वरच्या आर्मवर बसवलेली असल्याने त्या स्प्रिंगचा सगळा भार इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या टॉवरवरच यायचा. वर्षानुवर्षे वापरलेल्या मस्टँगचे टॉवर आत कललेले असणे, हे जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांना नवीन नाही. परदेशी, तुलनेने खराब रस्त्यांवर जाणाऱ्या गाड्यांसाठी फोर्डने दोन्ही टॉवर आणि फायरवॉल यांना एकत्र बांधणारा अखंड भाग वापरला. त्याला नावच 'एक्स्पोर्ट ब्रेस' असे पडले. कॅरोल शेल्बी यांच्या १९६५च्या जीटी ३५० मध्ये हा ब्रेस होता आणि शिवाय टॉवर ते टॉवर सरळ दांडीही होती. ती 'माँटे कार्लो बार' या नावाने प्रसिद्ध आहे. त्या काळात फोर्डच्या फाल्कन मोटारी माँटे कार्लो रॅलीत उतरत असत; १९६४च्या रॅलीत फाल्कनने दुसरा क्रमांक मिळवला होता, पहिली आली ती चिमुकली मिनी. सांगायचा मुद्दा असा, की जेथे पत्रा खरोखर वाकत होता तेथे अभियंत्यांनी आधी कैची दिली आणि सरळ दांडी तिच्या जोडीला आली. आपण घेतो ती फक्त जोडीदारीण.

मिलिमीटर आणि अंश

आता थोडा हिशेब. माणसांसह १००० किलो वजनाची मोटार गृहीत धरू. ती इतक्या जोरात वळते आहे, की तिला बाजूला खेचणारे बळ तिच्या वजनाच्या निम्मे आहे. एरवीच्या वाहतुकीत एवढे जोरात कोणी वळत नाही. मागे बसलेले आई-वडील ओरडतील. या ५०० किलोंपैकी ३०० पुढच्या चाकांकडे, त्यातले २०० बाहेरच्या चाकाकडे आणि १०० आतल्या चाकाकडे गेले असे समजू. बॉल जॉइंट जमिनीपासून २० सेंटिमीटर आणि स्ट्रटचे वरचे टोक ८० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर तरफेच्या नियमाने वरच्या टोकाशी या बळाचा एक तृतीयांश हिस्सा पोहोचतो. म्हणजे बाहेरच्या टॉवरवर ६५ ते ७० किलो आणि आतल्यावर ३० ते ३५ किलो, दोन्ही एकाच दिशेने. हे आकडे अंदाजाचे असले तरी बळाचा साधारण आवाका त्यावरून कळतो. दुहेरी-तिहेरी पत्रा एकत्र वेल्डिंग करून बनवलेल्या टॉवरसाठी हा भार फार मोठा म्हणता येणार नाही.

तरीही टॉवर एक मिलिमीटर हलला असे मानू. ६० सेंटिमीटर लांबीच्या तरफेत एक मिलिमीटर म्हणजे चाकाच्या उभ्या झुकावात, ज्याला कॅम्बर म्हणतात त्यात, सुमारे ०.१ अंशाचा फरक. अलाइनमेंट करताना छोट्या मोटारींसाठी कॅम्बरमध्ये कंपन्या सामान्यतः अर्ध्या ते एक अंशापर्यंतची सूट देतात, हे लक्षात घेतले की या ०.१ अंशाची किंमत कळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, स्ट्रट असलेली गाडी वळणावर तीन अंश कलली तर बाहेरचे चाकही तिच्याबरोबर एक ते दोन अंश बाहेर कलते. हा त्या रचनेचा जन्मजात दोष आहे. टायरची पकड कमी होते ती प्रामुख्याने या कलण्यामुळे, आणि त्यावर स्ट्रट बारचा काडीचाही परिणाम होत नाही. गाडीचे कलणे कमी करायचे असेल तर त्यासाठी अँटी-रोल बार आणि स्प्रिंग आहेत. नावातील साम्यामुळे अनेक जण अँटी-रोल बार आणि स्ट्रट बार एकच समजतात, आणि विक्रेतेही हा गैरसमज दूर करण्याची घाई करीत नाहीत.

गेल्या काही दशकांत मोटारींचे सांगाडेही बदलले आहेत. उच्च ताण सहन करणारे पोलाद, संगणकावर आधीच तपासलेले ताण आणि अपघात चाचण्यांचे दडपण यामुळे पुढचा भाग पूर्वीपेक्षा ताठ झाला आहे. भारतात समोरून आणि बाजूने होणाऱ्या धडकेच्या चाचण्या ऑक्टोबर २०१७पासून नव्या मॉडेलना आणि ऑक्टोबर २०१९पासून आधीच्या मॉडेलनाही बंधनकारक झाल्या. धडकेत टिकणे आणि वळणावर न वाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे खरे. पण एकीसाठी केलेल्या बदलांचा फायदा दुसरीलाही थोडाफार मिळतोच. १९९०च्या सुमारास बनलेल्या पातळ पत्र्याच्या हलक्या मोटारीला जो आधार जाणवेल, तो नव्या गाडीला जाणवेलच असे नाही.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. दांडी निरुपयोगी असेल तर मोठ्या कंपन्या स्वतः ती का बसवतात? बीएमडब्ल्यूने २०१४च्या एम-३ आणि एम-४ मोटारींत कार्बन फायबरचा ब्रेस दिला. त्याचे वजन अवघे दीड किलो होते. परंतु त्याचा आकार पाहिला तर उत्तर मिळते. तो सरळ दांडा नाही. इंग्रजी 'यू' अक्षरासारखा वळलेला अखंड भाग असून पुढच्या सांगाड्याला अनेक ठिकाणी पकडून ठेवतो. शिवाय त्या गाडीची स्प्रिंग, टायर, बुश आणि सांगाडा हे सारे एकमेकांच्या हिशेबाने आखलेले आहे. रुंद, चिकट टायर आणि कडक स्प्रिंगमुळे पत्र्यावर येणारे बळ वाढते, तेव्हा पत्र्याचे वाकणे हा खरोखरच पुढचा अडथळा ठरतो. १६५ किंवा १८५ मिलिमीटर रुंदीच्या कंपनीच्या टायरवर ऑफिसला जाणाऱ्या गाडीत तो क्रम येईपर्यंत आधीचे चार अडथळे उभे असतात.

काही गाड्यांत तर हा प्रश्न उद्भवतच नाही. बोलेरोसारख्या गाड्या शिडीच्या आकाराच्या जाड चेसिसवर बांधलेल्या असतात. सस्पेन्शनचे बळ चेसिस घेते, बोनेटखालचा पत्रा नाही. तेथे दांडी म्हणजे शुद्ध शोभा. ज्या मोटारींना वर-खाली असे दोन आर्म असतात, तेथेही बाजूचे बळ वरच्या आर्मच्या बैठकीकडे जाते आणि शॉकअपच्या टोकाशी प्रामुख्याने उभा भार येतो. होंडाच्या १९९०च्या दशकातील सिव्हिकची पुढची रचना अशीच होती. गंमत अशी की शौकिनांनी स्ट्रट बार सर्वाधिक हौसेने मिरवले त्यांत याच सिव्हिकचा समावेश होतो!

मग फरक जाणवतो तो कसा?

दांडी बसवलेले अनेक मालक शपथेवर सांगतात, की गाडी सुधारली. ते सगळे खोटे बोलतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुन्या, लाखभर किलोमीटर धावलेल्या गाडीचा पुढचा भाग खराब रस्त्यावर थरथरतो. दांडीमुळे ती थरथर कमी होऊन डॅशबोर्डची कुरकुर थांबू शकते. स्टिअरिंग वळवताच मिळणारा पहिला प्रतिसाद किंचित चटपटीत वाटू शकतो. मात्र स्टॉपवॉचने मोजता येईल एवढा फरक आणि हाताला जाणवणारा फरक या निराळ्या गोष्टी आहेत. त्यातच दांडी बसवताना बहुतेक ठिकाणी हवा तपासली जाते, अलाइनमेंट करून घेतली जाते, सैल नट आवळले जातात. गाडी सुधारते, श्रेय दांडीला मिळते. आणि पैसे खर्च केल्यानंतर घराकडे परतताना पहिल्या वळणावर आपण सगळेच जरा अधिक आशेने स्टिअरिंग फिरवतो.

ज्याला खरोखर फरक तपासायचा आहे, त्याला दोन सोपे मार्ग आहेत. पहिला, टॉवरची हालचाल मोजण्याचा. एकात एक सरकणाऱ्या दोन हलक्या नळ्या घेऊन त्यांची बाहेरची टोके दोन टॉवरवर पक्की करावीत आणि आतल्या नळीवर, बाहेरच्या नळीच्या तोंडाला लागून, एक घट्ट रबरी कडे चढवावे. दोन टॉवर जवळ आले की नळी कड्याला ढकलते आणि ते तेथेच राहते. इंजिनाच्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून ही नळी दूर राहील याची खात्री करून नेहमीच्या खराब रस्त्यावर आणि वळणांवर फेरी मारावी. कडे किती सरकले ते पट्टीने मोजता येते. ते जागचे हललेच नाही, तर दांडी थोपवणार काय? दुसरा मार्ग मित्राच्या मदतीचा. आपल्याला न सांगता त्याने कधी दांडी घट्ट बसवावी, कधी काढून ठेवावी, बोनेट बंद. त्याच रस्त्यावर त्याच वेगाने पाच-सहा फेऱ्या मारून ओळखता येते का पाहावे. बरोबर आणि चूक निम्मे-निम्मे निघाले, तर काही हजार रुपये वाचले.

आधी काय करावे

ज्या तक्रारींवर उपाय म्हणून ही दांडी खरेदी केली जाते, त्यांची मुळे बहुतेक वेळा खाली, चाकापाशी असतात. सुरुवात टायरपासून करावी. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसत असली तरी जुने झालेले रबर कडक होते आणि पावसात घसरते. नक्षीची खोली १.६ मिलिमीटर ही मोटारींसाठी कायदेशीर किमान मर्यादा आहे, पण ओल्या रस्त्यावर पकड त्याच्या बरीच आधी कमी झालेली असते. हवेचा दाब चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेला असतो. तो पाहून हवा भरणारे वाहनचालक किती, हा स्वतंत्र बातमीचा विषय होईल.

त्यानंतर लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि स्ट्रटच्या डोक्यावरचे रबरी माउंट. खड्ड्यांच्या रस्त्यांवर सर्वांत आधी मार खातात ती ही रबरे. लोअर आर्मचा बुश फाटला की ब्रेक दाबताना चाक मागे-पुढे कित्येक मिलिमीटर सरकते. ज्या एका मिलिमीटरसाठी आपण वर दांडी आवळत होतो, त्याच्या तुलनेत ही हालचाल अनेक पटींनी मोठी आहे. गाडी ब्रेकवर एका बाजूला ओढते, स्टिअरिंग तरंगते, ही त्याची लक्षणे. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसत असेल, तर ते बदलण्याची वेळ आली आहे. बदलताना एका बाजूचा न बदलता जोडीने बदलावा. हे सगळे झाल्यावर अलाइनमेंट. उलट्या क्रमाने केलेली अलाइनमेंट म्हणजे मोडक्या खुर्चीला पॉलिश.

मुंबई, कोकण आणि गोव्यातील मालकांनी आणखी एक गोष्ट तपासावी. खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात चिखल साचून मडगार्डाच्या आतल्या बाजूने टॉवरचा पत्रा गंजतो. वरून रंग शाबूत दिसतो आणि खालून पत्रा पापडासारखा झालेला असतो. टॉवरच्या कडेला रंगाचे फुगे, नटांभोवती तडा किंवा सांध्यातील गंज दिसला तर तेथे दांडी लावणे हा उपाय नव्हे. गंजलेला पत्रा कापून नवीन वेल्डिंग करणारा जाणकार कारागीर शोधावा आणि तोवर गाडी जपून चालवावी.

एवढे करूनही कोणाला दांडी घ्यायचीच असेल, तर तिची निवड आणि बसवणे दोन्हीकडे लक्ष द्यावे. इंजिनावरून मोठा वळसा घेऊन जाणारी दांडी दाबाखाली धनुष्यासारखी वाकते. जितकी सरळ तितकी चांगली. टोकांना बिजागरीसारखे एकच बोल्ट असलेल्या दांडीपेक्षा पट्टीसह अखंड वेल्डिंग केलेली दांडी अधिक ताठ असते. त्याच जाडीच्या अॅल्युमिनियमचा ताठरपणा पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असतो, त्यामुळे चकाकीला भुलू नये. ही पट्टी स्ट्रटच्याच नटांखाली बसते, म्हणून पट्टीच्या जाडीमुळे नटाला पुरेसे आटे मिळतात का ते पाहावे आणि नट टॉर्क पान्याने कंपनीने सांगितलेल्या मापानेच आवळावेत. दांडीची लांबी कमी-जास्त करता येत असेल तर गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी असताना ती बसवावी. जॅकवर चढवून, मग पाना फिरवून टॉवर ताणून ठेवणे म्हणजे स्वतःच्या हाताने अलाइनमेंट बिघडवणे होय.

दोन गोष्टी मात्र कोणताही विक्रेता सांगत नाही. पहिली, दोन टॉवर एकमेकांना बांधल्यावर एका कोपऱ्यावर बसलेला जोरदार धक्का दुसऱ्या बाजूपर्यंत पोहोचण्याची शक्यता असते; एका बाजूच्या डेंटिंगवर भागणारे काम दोन्ही बाजूंच्या टॉवरपर्यंत जाऊ शकते. दुसरी अधिक गंभीर आहे. बोनेट आणि इंजिन यांच्यात मोकळी जागा ठेवलेली असते ती उगाच नाही. पादचाऱ्याला धडक बसली, तर त्याचे डोके बोनेटवर आदळते. पत्रा खाली दबला तर आघात सौम्य होतो. त्या जागेत बोनेटला जवळजवळ टेकणारी पोलादी दांडी बसवली, की पत्र्याला दबायला जागाच उरत नाही. आपल्या शहरांतील पदपथांची अवस्था पाहता हा धोका पुस्तकी मानता येणार नाही.

वॉरंटीच्या काळातील गाडीत बाहेरचा भाग बसवण्यापूर्वी सर्व्हिस सेंटरचे उत्तर लेखी घ्यावे आणि विमा कंपनीलाही कळवावे. मोटारीत केलेले बदल नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत असता कामा नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९च्या निकालात स्पष्ट केले आहे. स्ट्रट बारचा त्या तपशिलांशी थेट संबंध येत नाही. तरी अपघातानंतर दावा करण्याची वेळ आली तर आधी कळवलेले असणे केव्हाही सोयीचे.

शर्यतीच्या ट्रॅकवर नियमित जाणारा, चिकट टायर आणि कडक स्प्रिंग बसवलेला मालक, किंवा जुनी, पातळ पत्र्याची पण गंजमुक्त मोटार जिव्हाळ्याने सांभाळणारा शौकीन, यांना या दांडीचा उपयोग होऊ शकतो. तोही तिसरे टोक फायरवॉलला बांधता आले तर अधिक. रॅलीत उतरणाऱ्या गाड्यांत हेच काम रोल केज करतो, त्याच्या नळ्या अनेकदा थेट टॉवरपर्यंत नेलेल्या असतात. बाकीच्यांनी दांडीसाठी बाजूला काढलेल्या पैशांत दोन्ही लोअर आर्मचे बुश बदलून अलाइनमेंट करून घ्यावी. एवढे करूनही काही रक्कम उरली, तर ती नव्या टायरच्या खर्चाला जोडावी. पावसाळ्यापूर्वी ते बदलले तर उत्तम.